टेकू दिलेले दार

आमच्या घरी ओट्याच्या एका कडेला विजेचा एक लहान ओव्हन आहे. समोर काचेचे दार, ते वरून खाली उघडते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून नाताळापर्यंत ह्या ओव्हनला विसावा नसतो. नानकटाई, बिस्किटे, केक. आमच्याकडचे झाले की शेजारच्यांचे, शेजारच्यांचे झाले की एखाद्या लग्नघरचे. बेळगावची थंडी आणि ओव्हनची ऊब ह्यांचा मेळ चांगला बसतो, म्हणून त्या दिवसांत सारे घर स्वयंपाकघरातच मुक्कामाला असते.

ह्या ओव्हनचे दार दोन वर्षे नीट लागत नव्हते. डावी बाजू बसायची, उजवी बाजू वरच्या अंगाला बोटभर उघडी राहायची. प्रथम आम्ही हाताने दाबून पाहिले. मग फडक्याची घडी खोचली, ती करपली. शेवटी आमच्या मंडळींनी नामी युक्ती काढली. पाट्यावरचा वरवंटा उभा करून दाराच्या मुठीला तिरपा टेकवायचा. दार घट्ट बसले. पाट्याचे काम मिक्सरने केव्हाच काढून घेतले होते, वरवंटा रिकामाच होता. त्याला नवी नोकरी मिळाली म्हणून आम्ही सर्व हसलो, आणि त्या दिवसापासून दार बिघडलेले आहे ही गोष्ट आमच्या घरातून नाहीशी झाली. दार नव्हे, बिघाड नाहीसा झाला असे आम्हांला वाटू लागले.

पुढे एका डिसेंबरात वडोदऱ्याहून आमच्या मंडळींच्या मामी राहायला आल्या. वय अडुसष्ट. हात चालता, स्वभाव त्याहून चालता. दुपारी आम्ही बाहेर, मंडळी शेजारी, आत केक भाजत ठेवलेला. मामींना ओट्यावर मधेच उभा केलेला वरवंटा दिसला. पसारा आवरावा म्हणून त्यांनी तो उचलला. टेकू जाताच दार धाडकन खाली पडले. आतली वाफ तोंडावर आणि तापलेल्या काचेची कड मनगटावर. धाकटी मुलगी घरात होती. तिने शाळेत शिकवलेले लक्षात ठेवून मामींचा हात नळाच्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरून ठेवला. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा शेजारच्या एक बाई हळद आणि दुसऱ्या टूथपेस्ट घेऊन उभ्या होत्या, आणि मुलगी दोघींनाही हात लावू देत नव्हती. डॉक्टरांनी नंतर तिचीच पाठ थोपटली. मनगटावर दोन इंचांचा डाग मात्र राहिला.

रात्री आम्ही मामींना म्हणालो, "मामी, तो वरवंटा काढायचा नसतो हो."

त्या म्हणाल्या, "जावईबापू, त्या दाराची खोड तुम्हां सगळ्यांना ठाऊक. मला कोणी सांगितली होती?"

ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही पुरते आहे असे नाही. पण तो प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवला, काही जुने कागद चाळले, एका कारागिराच्या शेजारी बसून पाहिले, आणि त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. पण क्षुल्लक म्हणूनच तो दोन वर्षे आमच्या नजरेतून सुटला हे ध्यानात घ्यावे.

आधी दाराचे काम काय ते पाहू. ओव्हनचे दार म्हणजे नुसते झाकण असा आमचा समज होता. खरे पाहता ते ओव्हनचा चौथा बाजूस लागणारा अर्धा संसार आहे. वरची फट उघडी राहिली की तापलेली हवा तिथून वर निघून जाते आणि तिच्या जागी बाहेरची गार हवा खालून आत शिरते. आतली उष्णता ठराविक राखायचे काम थर्मोस्टॅटचे. तो बिचारा प्रामाणिक असतो. त्याला जाणवते की आत पुरेसे तापलेले नाही, म्हणून तो तारा चालूच ठेवतो. त्या लाल तारांची धग जवळच्या पृष्ठभागाला थेट लागते. परिणामी केकचा वरचा थर करपतो आणि पोटात तो कच्चा राहतो. फटीच्या बाजूचा भाग एक तऱ्हेचा, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या तऱ्हेचा. आमच्याकडे दोन वर्षे केकची एक बाजू नेहमी फिकी यायची, आणि आम्ही पिठाला, अंड्यांना, कधी साखरेच्या दुकानदाराला बोल लावीत असू.

ज्या मोठ्या रेंजमध्ये शेगड्या वर आणि ओव्हन खाली असतो, तिथे दाराच्या कडेने एक वेणीसारखी दोरी बसवलेली असते. ती काचतंतूंची असते, काही ओव्हनना सिलिकॉनची पट्टी असते. ही दोरी कडक झाली, आकड्यांतून निसटली किंवा कोणी घासून घासून साफ केली की दार बसत नाही. त्या फटीतून निघालेली धग वरच्या बटणांवर येते आणि ती वितळतात. फार जुन्या ओव्हनमध्ये ही दोरी ॲस्बेस्टॉसचीही असू शकते, आणि तिची भुकटी फुप्फुसांना घातक आहे. तिला खरवडू नये. आमच्या लहान ओव्हनला असली दोरीच नव्हती. तिथे पत्र्यावर पत्रा बसतो, आणि तो बसवायचे काम दोन बिजागऱ्या व दोन स्प्रिंगा करतात.

मामींचा हात भाजल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही ओव्हन घेऊन निघालो. पहिल्या दुकानात दाराकडे न पाहताच सांगण्यात आले की नवा घ्या, जुना आम्ही पडत्या किमतीत घेऊ. पुढे त्याचे काय करता, असे विचारले तर उत्तर मिळाले, "जातो कुठे तरी." हे "कुठे तरी" आमच्या मनात अडकून बसले. कुठे तरी म्हणजे कोणाच्या तरी ओट्यावर, आणि तिथेही कोणी तरी मामी असणारच.

दुसरा कारागीर एका बोळात बसतो. स्टोव्हच्या दिवसांपासूनचा माणूस. त्याने ओव्हन टेबलावर ठेवला, वायर काढलेली आहे ना ते स्वतः पाहिले, आणि वहीचा एक कागद फाडून त्याची पट्टी केली. पट्टी दाराच्या डाव्या अंगाला ठेवून दार लावले आणि ओढली. ती अडकली. उजव्या अंगाला ठेवून ओढली. ती लोण्यातून सुरी यावी तशी निघून आली. मग मधोमध, मग वर, मग खाली. दोन मिनिटांत त्याने आमच्या ओव्हनचा सारा इतिहास वाचला. म्हणाला, "तुम्ही गरम ट्रे काढून उघड्या दारावर ठेवता."

आम्ही ठेवीत होतोच. सर्वच ठेवतात. ट्रे जड, हात भाजत असतो, समोर आडवे दार आयते फळीसारखे असते. उजव्या हाताने काढलेला ट्रे उजव्या बाजूला टेकतो. चार-पाच वर्षांत उजव्या बिजागरीची पट्टी वाकली, स्प्रिंग ताणली गेली. दोन वर्षे आम्ही कंपनीला नावे ठेवीत होतो, आणि दार वाकवले होते आमच्याच हातांनी.

त्याने मागचे स्क्रू काढले, बाजूचा पत्रा उतरवला. कडेला साचून दगड झालेले तूप-साखरेचे कीट लाकडी चमच्याने खरवडले. त्या कीटानेही दार अडत होते. वाकलेली पट्टी ठोकून सरळ करता येईल का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, एकदा वाकलेला पत्रा पुन्हा तिथेच वाकतो. त्याच्याकडे तशाच एका मेलेल्या ओव्हनचा सांगाडा होता, त्यातून त्याने पट्टी काढून बसवली. स्प्रिंग मात्र दोन्ही बाजूंच्या बदलल्या. डावी चांगली होती, तरी बदलली. आम्हांला वाटले, बिल वाढवतो आहे. त्याने ते ओळखले आणि सांगितले की एक जुनी आणि एक नवी असली तर दोघींची ओढ सारखी राहत नाही, दार पिळवटते, आणि सहा महिन्यांत तुम्ही परत माझ्याकडे याल. साडेतीनशे रुपये झाले. वर सांगून टाकले की बिजागरीला खायचे तेल सोडू नका, ते भाजून चिकट होते. आणि घरी करून पाहण्याचा मोह झाला तर स्प्रिंग ताणात असताना बोट मधे घालू नका.

आम्ही बसलेले असतानाच एक खाणावळवाला मायक्रोवेव्ह घेऊन आला. त्याचेही दारच. खाली आपटून एका कोपऱ्यात वाकले होते, लागत नव्हते आणि म्हणून यंत्र सुरूच होत नव्हते. त्याचे म्हणणे साधे होते. दाराच्या आत जे खटके असतात ते कायमचे जोडून टाका, म्हणजे दार लागो न लागो, यंत्र चालेल. दुपारची गर्दी तोंडावर आली होती. तो चांगले पैसेही देऊ करीत होता. कारागिराने नकार दिला. खाणावळवाला रागावला, बोलाबोली झाली, तो यंत्र उचलून निघून गेला. आम्ही विचारले, एवढे काय होते त्यात? तो म्हणाला, "दार उघडे असताना ते चालू झाले, तर मी तिथे नसेन."

ह्या वाक्याचा अर्थ नीट कळावा म्हणून थोडे सांगितले पाहिजे. मायक्रोवेव्हमधल्या लहरी साधारण २४५० मेगाहर्ट्झच्या असतात, त्यांची लांबी सुमारे बारा सेंटिमीटर. दाराच्या काचेतली बारीक भोकांची जाळी त्यांना बाहेर येऊ देत नाही, कारण भोके लहान आणि लहरी लांब. दार उघडताच लहरी थांबाव्यात म्हणून एकाहून अधिक खटके बसवलेले असतात, आणि ते खटके निकामी झाले तर फ्यूज उडवून यंत्रच बंद पाडणारा आणखी एक पहारेकरी असतो. अमेरिकेत १९७१ पासून असा नियम आहे की यंत्र कितीही वर्षे वापरले तरी पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटरवर गळती दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलीवॅटच्या वर जाता कामा नये. एवढे सारे पहारे एका दारासाठी. शिवाय आतला कपॅसिटर वायर काढल्यावरही जबर धक्का देऊ शकतो, म्हणून ह्या यंत्राला घरी कोणी हात घालू नये. खाणावळवाल्याला ह्यातले काही ठाऊक नव्हते असे नाही, पण त्याला दुपार दिसत होती. कारागिराला खाणावळीत काम करणारा तो पोऱ्या दिसत होता, ज्याला कोणी काही विचारलेले नव्हते.

आता मामींच्या प्रश्नाकडे वळू. ज्याला दोष ठाऊक आहे त्याचे, ज्याला ठाऊक नाही त्याच्याविषयी कर्तव्य काय?

हा प्रश्न फार जुना आहे. रोमचा सिसेरो ह्याने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात त्याने दोन स्टोइक तत्त्ववेत्त्यांचा वाद दिला आहे. बाबेलचा डायोजिनस हा गुरू, टार्ससचा अँटिपेटर हा शिष्य. घर विकायचे आहे. घर रोगट आहे, लाकूड कुजके आहे, झोपायच्या खोल्यांत साप निघतात, आणि हे मालकाखेरीज कोणास ठाऊक नाही. मालकाने सांगावे की नाही? डायोजिनसचे म्हणणे, त्याने कोणावर घ्यायची सक्ती केलेली नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत. आपल्याच मालाचे दोष दवंडी पिटून सांगणारा विक्रेता कोणी पाहिला आहे का? अँटिपेटरचे म्हणणे, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे अथेन्समध्ये शापास पात्र समजतात, आणि इथे तर तुम्ही त्याला जाणूनबुजून चुकीच्या वाटेवर लोटता आहात. सिसेरोने आपला कौल शिष्याला दिला.

गंमत अशी की आपल्या देशाचा कायदा हा वाद एका बाजूने सोडवीत नाही. तो गुरूलाही थोडे देतो आणि शिष्यालाही. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमाखाली एक उदाहरण आहे. लिलावात एकाने दुसऱ्याला सदोष घोडा विकला, दोष त्याला ठाऊक होता, तो गप्प राहिला. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. डायोजिनस जिंकला. पण लगेच पुढचे उदाहरण येते. घेणारी त्याचीच मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झाली आहे. इथे मात्र नात्यामुळे सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. त्याच कायद्याच्या १५० व्या कलमात घोडा पुन्हा येतो, पण ह्या वेळी तो विकलेला नाही, वापरायला दिलेला आहे. द्वाड आहे हे मालकाला ठाऊक आहे, तो सांगत नाही, घोडा उधळतो, बसणारा पडतो. मालक नुकसानीला जबाबदार. वस्तू भाड्याने दिली असेल तर दोष मालकाला ठाऊक नसला तरीही तो जबाबदार. आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाने घराविषयी तर अँटिपेटरचीच बाजू घेतली आहे. घेणाऱ्याला साध्या दक्षतेने दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्याने तो सांगितलाच पाहिजे.

आम्ही वकील नाही. पण ह्या तीन कलमांवरून आम्हांला एक सूत्र दिसते. ज्याला स्वतः पाहता येते, तपासता येते, नको म्हणता येते, त्याच्यापुढे गप्प राहणे एक वेळ कायद्यात चालते. जो तुमच्यावर विसंबून वस्तूला हात लावतो, त्याच्यापुढे चालत नाही. लिलावातला घोडा घेणारा त्याचे दात पाहू शकतो. घरी पाहुणा आलेला माणूस यजमानाच्या ओव्हनचे दार कागदाची पट्टी घालून तपासत नसतो. तपासू लागला तर आपल्यालाच राग येईल. पाहुणचार म्हणजे न तपासता विसंबण्याची मुभा, आणि ती मुभा देणाऱ्यावर तिचा बोजा पडतो. मामी आमच्या स्वयंपाकघरात मुलीसारख्या होत्या, वयाने आई असल्या तरी.

मग सांगितले असते तर भागले असते का? पुष्कळ दिवस आम्हांला असेच वाटत होते. आमची चूक न सांगण्याची, दारावर एक चिठ्ठी चिकटवली असती की झाले. पुढे अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातल्या नियमाने आमचे मत बदलले. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाही तर कोणी पडून मेल्यास त्याचा दोष तुझ्या घरावर येईल, अशा अर्थाची ती आज्ञा आहे. तिथे असे म्हटलेले नाही की धाब्याला कठडा नाही हे पाहुण्याला सांग. कठडा बांधायलाच सांगितले आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातल्या मारक्या बैलाविषयीही तसेच. बैलाला मारायची खोड होती, धन्याला बजावलेले होते, तरी त्याने त्याला आवरले नाही, ह्यावर सारा भार आहे. बैल मारका आहे असे त्याने गावभर सांगितले होते, हा त्याचा बचाव तिथे ऐकून घेतलेला दिसत नाही.

ह्याचे कारण अंधारात रात्री पाणी प्यायला उठणाऱ्या माणसाला विचारावे. चिठ्ठी दिव्यात वाचता येते, वाचता येणाऱ्याला वाचता येते, आणि घाईत कोणालाच वाचता येत नाही. विकताना सांगणे पुरे, कारण घेणारा ऐकून माघारी फिरू शकतो. घरातल्या वस्तूचे तसे नाही. तिथे सांगणे हे दुरुस्ती होईपर्यंतची तजवीज आहे.

इथे कोणी म्हणेल, आणि आमच्या एका मित्राने म्हटलेच, की तुम्हांला साडेतीनशे रुपये सोपे आहेत. ज्याच्या घरी दोरीने बांधलेली खुर्ची, सुतळीने आवळलेला पंखा आणि वीट लावून सरळ केलेले कपाट आहे, त्याला तुम्ही अपराधी ठरवणार का? हा आक्षेप आम्हांला मोलाचा वाटतो. टेकूला आम्ही हसत नाही. आमच्या आईवडिलांचा संसार टेकूंवरच उभा राहिला, आणि आम्ही त्यात वाढलो. गरिबाने टेकू दिला म्हणून घर चालते. पण तो टेकू घरातल्या कोणाच्या अंगावर पडेल हे त्या आईला पाठ असे. मोडक्या खुर्चीवर ती स्वतः बसायची, पाहुण्याला पाट द्यायची. आमच्या वरवंट्यात आणि तिच्या खुर्चीत हा फरक होता. आमच्याकडे पैसे होते, कारागीर दोन गल्ल्या पलीकडे होता, आणि कोणाच्या अंगावर काय पडेल ह्याचा विचार आम्ही दोन वर्षांत एकदाही केला नव्हता. एक युक्ती सुचली म्हणून आम्ही स्वतःवर खूश होतो, एवढेच.

आणखी एक गोष्ट कबूल केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मामी येण्याच्या आधीच्या महिन्यात आम्ही नवा ओव्हन घेण्याचा विचार करीत होतो, आणि हा जुना आमच्या ओळखीच्या एका बाईंना देणार होतो. त्यांचे यजमान आजारी. घरी केक करून विकावेत, असा त्यांचा बेत. आम्हांला तो परोपकार वाटत होता. दाराविषयी त्यांना सांगायचे आमच्या मनातही आले नव्हते. आले असते तरी आम्ही म्हटले असते, फुकट तर देतो आहोत. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, ही आपल्याकडची म्हण प्रसिद्धच आहे. पण ती म्हण घेणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्याने तिच्यामागे दडावे म्हणून ती केलेली नाही. उलट घेणाऱ्याने दात मोजायचे नाहीत असे आपण सर्वांनी ठरवले आहे, म्हणूनच देणाऱ्याने ते आधी मोजून पाहिले पाहिजेत. विकत घेणारा भांडू शकतो. १९८६ पासून ग्राहकांसाठी कायदा होता, त्या जागी २०१९ चा आला. दाद मागायला जागा आहे. दान घेणारा कोणाकडे जाणार? तो मान खाली घालून करपलेले केक फेकून देईल आणि आपण त्याच्याकडे गेलो की आपले आभार मानील. आम्ही एका गरजू बाईच्या धंद्याच्या पायात वाकलेली बिजागरी देणार होतो, आणि त्याबद्दल आभार घ्यायला तयार होऊन बसलो होतो. मामींच्या मनगटावरच्या डागापेक्षा हे आम्हांला अधिक बोचते. तो डाग निदान दिसतो.

दुरुस्त होऊन ओव्हन घरी आला. पहिला केक दोन्ही बाजूंनी सारखा फुलला. मंडळींनी तो कापण्याआधी दारात उभे राहून आम्हांला हाक मारून दाखवला. नवा ओव्हन घेण्याचा विचार आम्ही सोडला नव्हता, तो पुढच्या उन्हाळ्यात घेतला. जुना त्या बाईंकडे नेला तेव्हा ठरवून सारे सांगितले. दार दोन वर्षे लागत नव्हते, मामींचा हात भाजला, उजवी पट्टी दुसऱ्या ओव्हनची आहे, स्प्रिंगा नव्या आहेत, गरम ट्रे दारावर ठेवायचा नाही, आणि पुन्हा फट पडली तर बोळातल्या कारागिराकडे न्यावा, पैसे आम्ही देऊ. मनावरचे ओझे उतरत असल्यासारखे आम्ही बोलत होतो.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "दादा, दाराचे मला ठाऊक होते."

"कसे?"

"दोन वर्षे तुमच्या घरचा नाताळचा केक येतो ना आमच्याकडे. एका बाजूने कच्चा असायचा."

हे त्यांनी आम्हांला त्या दोन वर्षांत का सांगितले नाही, हे विचारायचा धीर आम्हांला झाला नाही. त्यांनी कागदाची एक पट्टी मागितली, दाराच्या चारी बाजूंना लावून ओढून पाहिली, आणि मग ओव्हन कुठे ठेवायचा ते दाखवले.